९० दिवसांत तळपायाला कमान? आत्या, थांब जरा

पिकतं तिथे विकत नाही, हे खरंच. घरात भाची फिजिओथेरपिस्ट असताना माझ्या मिरजेच्या आत्याने पायांचा सल्ला घेतला तो व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या एका मेसेजकडून. तोच मेसेज नंतर मला सोसायटीच्या ग्रुपवर दिसला, मग एका पेशंटने दाखवला, आणि परवा चक्क आमच्याच बॅचमधल्या एकीने "खरं आहे का गं?" म्हणून पाठवला. तेव्हा मात्र डोकं फिरलं. प्रत्येकाला वेगळं समजावत बसण्यापेक्षा एकदाच लिहिते, ज्याला पुढे पाठवायचं त्याने खुशाल पाठवावं.

ज्यांच्याकडे तो अजून पोहोचला नाही (असे भाग्यवान कोण असतील कोण जाणे), त्यांच्यासाठी मेसेजचा सारांश असा. एक, गुडघेदुखी, कंबरदुखी, मानदुखी, इतकंच काय डोकेदुखीचंही मूळ म्हणजे सपाट तळवे. दोन, 'आमचा' इनसोल (म्हणजे बुटाच्या आत ठेवायचा तळ) घाला, ९० दिवसांत कमान, म्हणजे तळव्याच्या आतल्या बाजूचा उचललेला भाग, परत येते. सोबत आधीचा आणि नंतरचा फोटो. तीन, इनसोल चोवीस तास पायाखाली हवा, घरातसुद्धा. चार, सपाट पायांना सैन्यात घेत नाहीत, यावरून काय ते समजा. पाच, डायबेटिसवाल्यांनी तर आजच सुरू करा, पायांचा बधिरपणा जातो. सहा, डॉक्टर हे सांगणार नाहीत, त्यांचा ऑपरेशनचा धंदा बसेल. सात, पायाच्या कॉम्प्युटर स्कॅनवरून बनवलेलाच घ्या, साधा घेऊ नका. खाली फोन नंबर आणि हात जोडल्याचे इमोजी.

सुरुवात पाचव्यापासून करते. बाकीच्या सहांनी फार तर खिसा हलका होईल, पाचव्याने पाय जाऊ शकतो.

आत्याला डायबेटिस होऊन बरीच वर्षं झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभं राहून शिकवण्यात नोकरी गेली, तळवे पहिल्यापासून सपाट, आणि अलीकडे "पायाखाली काय आलंय ते नीट कळत नाही" अशी बारीक तक्रार. तिने मेसेजमधल्या नंबरवर फोन करून इनसोल मागवले. आले ते टणक प्लास्टिकचे, मधोमध चांगला उंच फुगवटा. ते सकाळच्या फेरीच्या बुटात सारले आणि चालू लागली. त्रास? काहीच नाही. मग एके दिवशी सुनेला फरशीवर ओलसर डाग दिसले आणि तळव्याच्या आतल्या कडेला फोड येऊन फुटलेला सापडला. "पण दुखलंच नाही गं मला!" आत्या मला फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होती, जणू ती चांगली बातमी होती. वेळेत दिसला म्हणून जखम भरली.

दुखलं नाही हाच तर सगळा घोटाळा आहे. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की पायांच्या नसा खराब होतात, आणि सगळ्यात आधी जाते ती संवेदना. तुमच्या-माझ्या चपलेत खडा गेला तर दोन पावलांत आपण चप्पल झटकतो. संवेदना गेलेला माणूस तो खडा घेऊन बाजार करून येतो. अशा पायाखाली टणक फुगवटा ठेवणं म्हणजे तो खडा कायमचा बसवून देणं. आणि बधिरपणा जातो म्हणे! नस खराब झाली ती रक्तातल्या साखरेमुळे. बुटात काहीही घातलं तरी ती दुरुस्त होत नाही.

इथे कोणी म्हणेल, पण डायबेटिसवाल्यांना खास चपला देतात की. देतात, आणि द्यायलाच हव्यात. आपल्याकडे एमसीआर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मऊ रबराच्या चपला मिळतात. कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी जे काम केलं, त्यातून या मऊ रबराच्या पादत्राणांचा वापर रुजला. पण त्यामागचा विचार नेमका उलटा आहे. तिथे कमान 'उचलायची' नसते, तळव्यावरचा दाब पसरवायचा असतो, म्हणजे एकाच ठिकाणी भार येऊन कातडी फाटत नाही. त्याआधी नायलॉनच्या बारीक धाग्याने, म्हणजे मोनोफिलामेंटने, तळव्यावर ठिकठिकाणी टोचून संवेदना कुठे आहे नि कुठे नाही ते बघतात. पाच मिनिटांचं काम आहे. मेसेजवाल्याने आत्याला फोनवर काय विचारलं? बुटाचा नंबर.

आता याहून वाईट. डायबेटिस असलेल्या माणसाचा एकच पाय अचानक सुजला, लालसर झाला, दुसऱ्या पायापेक्षा हाताला गरम लागतोय, आणि तळवा हळूहळू बसत चाललाय, असं दिसलं तर ते 'सपाट पाय' नाहीत. ते शार्को फूट असू शकतं. यात बधिर पायाची हाडं आणि सांधे आतल्या आत मोडत, सरकत जातात आणि मधली कमान ढासळते. दुखणं अनेकदा सुजेच्या मानाने फारच कमी असतं, म्हणून माणूस चालत राहतो, आणि प्रत्येक पावलागणिक पाय अधिक बिघडतो. सुरुवातीच्या एक्स-रेत काही दिसेलच असंही नाही. मुरगळला असेल, वात असेल, इन्फेक्शन असेल म्हणून दिवस जातात. डायबेटिक फूटवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने, म्हणजे आयडब्ल्यूजीडीएफने, २०२३ मध्ये यासाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचं म्हणणं असं की संशय आला की तपासण्या चालू असतानाच पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरसारख्या साधनात स्थिर करा. काढता न येणारं असेल तर उत्तम. असा पाय इनसोलवर ठेवून 'रोज थोडं जास्त चाला' म्हणणाऱ्याला मी काय म्हणावं? छापण्याजोगं सुचत नाही.

आमच्या ग्रुपवर लगेच दुसऱ्या टोकाचं उत्तरही आलं होतं. एका काकांनी लिहिलं, "इनसोलबिनसोल काही नको, सकाळी दवात अनवाणी चाला, निसर्ग बरं करतो." काका, बधिर पायाने गवतात अनवाणी? काटा रुतला तर संध्याकाळपर्यंत कळायचा नाही. डायबेटिसने संवेदना गेलेल्या माणसाने घरातसुद्धा अनवाणी फिरू नये असं आम्ही कानीकपाळी ओरडून सांगतो.

काकांच्या म्हणण्यात खऱ्याचा एक अंश आहे, तो मात्र मान्य करते. आणि त्याचा पुरावा आपल्या शेजारच्याच राज्यातला आहे. राव आणि मणिपालचे डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी १९९२ मध्ये ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. पादत्राणं घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, तर अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. सगळ्यात जास्त प्रमाण बंद बुटांत. १९९५ मध्ये जोसेफ यांनी एका सहकाऱ्याबरोबर १,८४६ मोठ्या माणसांचीही पाहणी केली, त्यातही सहा वर्षांच्या आत बूट घालायला लागलेल्यांचे तळवे जास्त प्रमाणात सपाट आढळले. म्हणजे पाय घडत असतानाच्या वयात अनवाणी खेळणं चांगलं, हे खरं. नातवंडांना खुशाल मातीत सोडा. आपलं घडायचं वय कधीच गेलं.

आता दुसरा मुद्दा, ९० दिवसांत कमान. मेसेजचा सगळा डोलारा यावरच उभा आहे, म्हणून इथे जरा थांबते.

या प्रश्नाची एक सणसणीत परीक्षा १९८९ मध्येच झालेली आहे. अमेरिकेत वेंगर आणि सहकाऱ्यांनी एक ते सहा वर्षांच्या, लवचीक सपाट पाय (भार टाकला की बसणारे, भार काढला की कमान दिसणारे) असलेल्या १२९ मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं गटांत वाटलं. एका गटाला काहीच नाही, एकाला ऑर्थोपेडिक बूट, एकाला टाचेचा कप, एकाला साच्यावरून बनवलेला इनसोल. किमान तीन वर्षं हे चाललं, एक्स-रे काढून मोजमापं झाली. ९८ मुलांनी अभ्यास पूर्ण केला. निकाल काय, तर सगळ्याच गटांत पाय वयाबरोबर सुधारले, काहीच न घालणाऱ्यांचेही तितकेच. इनसोलमुळे वेगळी कमान तयार झाली नाही. अभ्यास मुलांचा आहे, मान्य. पण तोच तर मुद्दा आहे. ज्या वयात हाडं मऊ असतात, पाय अजून आकार घेत असतो, त्या वयात तीन वर्षांत जे झालं नाही ते आत्याच्या साठीला आलेल्या पायात तीन महिन्यांत होणार? डगमगत्या टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी सारली की टेबल हलायचं थांबतं, म्हणून काही तो पाय लांब होत नाही. इनसोलचं काम तेवढंच. असेपर्यंत आधार, काढला की पाय जसाच्या तसा.

मग ते फोटो? घरच्या घरी करून बघा. दोन्ही पायांवर भार टाकून सरळ उभे राहा, कोणाला तरी फोटो काढायला सांगा. आता पाऊल तिथेच ठेवून फक्त अंगठा वर उचला, किंवा कोणाला तरी उचलायला लावा. लवचीक सपाट पाय असेल तर डोळ्यांदेखत कमान उभी राहते. टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा तळव्याखालचा जाड पट्टा अंगठा वर गेल्यावर ताणला जातो आणि टाच नि चवडा एकमेकांकडे ओढले जातात. हे हिक्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९५४ मध्येच नीट मांडून ठेवलंय. अंगठा जेमतेम दिसेल न दिसेल इतका उचलला, किंवा भार थोडा बाहेरच्या कडेवर घेतला, की 'नंतरचा' फोटो तयार. ९० दिवस कशाला, नऊ सेकंद पुरतात.

पहिला मुद्दा, सगळ्या दुखण्यांचं मूळ म्हणे तळव्यात. माझे वडील, म्हणजे आत्याचेच भाऊ, एसटीत कंडक्टर होते. खच्चून भरलेल्या गाडीत, घाटात, उभ्याने तिकिटं फाडत त्यांची नोकरी झाली. तळवे असे सपाट की न्हाणीघरातून बाहेर आले की शहाबादी फरशीवर अख्खा पाय उमटायचा. पायांची तक्रार कधी केली नाही. सपाट तळवे आमच्या घराण्यातच आहेत, बऱ्याच घरांत असतात. एका माणसावरून सिद्धान्त मांडू नये हे मलाही कळतं, पण दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कॅनडात हॅरिस आणि बीथ यांनी ३,६१९ सैनिकांचे पाय तपासले, त्यांचाही निष्कर्ष हाच होता की नुसता लवचीक सपाट पाय हा दोष नाही, त्याने माणूस अडत नाही. त्रास देतो तो सपाट पाय आणि जोडीला आखडलेली टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन. म्हणून आम्ही तळव्याच्या आधी पोटरी बघतो. भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ नि टाच जमिनीला चिकटलेली ठेवून पोटरी ताणणं, हा व्यायाम फुकट आहे, त्यामुळे त्याचा मेसेज फिरत नाही.

डोकेदुखीचं मूळ तळव्यात असण्याबद्दल मी काही लिहिणार नाही. माझी आत्ताची डोकेदुखी या मेसेजमुळे आहे एवढं नोंदवते.

तिसरा, चोवीस तास. हे लिहिणाऱ्याने मराठी घर पाहिलंय का? आपण चपला दाराबाहेर काढतो. स्वयंपाकघरात, देवघरात इनसोल कशात घालायचा, मोज्यात? हे इनसोल मुळात टाचेला घट्ट धरणाऱ्या, नाडी किंवा पट्टा असलेल्या बुटासाठी बनवतात. आपल्याकडच्या बायका साडीवर उघडी चप्पल घालतात, तिच्यात इनसोल ठेवला की दुसऱ्या पावलाला तो पुढे सरकतो आणि पाय घसरतो तो वेगळाच. घरात उभ्याने काम करताना पाय भरून येत असतील तर घरापुरती मागे पट्टा असलेली, तळ न वाकणारी स्वच्छ चप्पल ठेवा. झोपेत इनसोलची गरज कोणालाच नसते, चोवीस तासांत झोपही आलीच म्हणून सांगितलं.

चौथा, सैन्य. पोलीस नि सैन्य भरतीची तयारी करणारी गावाकडची पोरं यावरून फार घाबरतात, म्हणून दोन ओळी. यूपीएससीच्या एनडीए परीक्षेच्या जाहिरातीत वैद्यकीय निकष छापलेले असतात. हवाई दलाच्या निकषांत लिहिलंय की चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल, उमेदवार चवड्यांवर नीट उड्या मारू नि धावू शकत असेल, आणि पाय लवचीक, न दुखणारे असतील, तर तो चालतो. ताठर पाय मात्र, आकार कसाही असो, चालत नाही. प्रत्येक भरतीचे निकष वेगवेगळे असतात, ते ज्याचे त्याने वाचावेत. इनसोल घालून मैदानात कमान दाखवता येत नाही, हे तरी कळायला हवं.

सहावा मुद्दा, डॉक्टर लपवतात. राग येतो तो याचा, कारण इथे अर्धं सत्य दडलंय आणि ते आम्ही रोज उघडपणे सांगतो. मीच पेशंटना इनसोल देते. कोणाला, तर मोठेपणी ज्यांच्या पायाची कमान नव्याने बसायला लागलीय आणि पाय दुखतोय अशांना. घोट्याच्या आतल्या बाजूने, हाडामागून एक टेंडन तळव्याकडे जातं, टिबिॲलिस पोस्टिरिअर. कमान तोलून धरण्यात त्याचा मोठा वाटा. चाळिशी-पन्नाशीनंतर, बायकांत जास्त, आणि वजन, बीपी, डायबेटिस असेल तर आणखी जास्त, हे टेंडन झिजायला लागतं. आधी घोट्यामागे आतून दुखतं नि सूज येते. मग एका पायावर उभं राहून टाच उचलायला जमेनासं होतं. मागून बघितलं तर त्या पायाची बोटं बाहेरच्या बाजूला जास्त डोकावताना दिसतात. जॉन्सन आणि स्ट्रॉम यांनी १९८९ मध्ये याच्या पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायऱ्यांवर, पाय अजून लवचीक असताना, इनसोल किंवा ब्रेस (घोट्याला बांधायचा आधार) खरंच उपयोगी पडतो, कारण त्या टेंडनवरचा ताण कमी होतो.

पण एकटा इनसोल नाही. अमेरिकेत कुलिग यांनी २००९ मध्ये असंच दुखणं असलेल्या ३६ जणांवर १२ आठवडे अभ्यास केला. इनसोल आणि पोटरी ताणण्याचे व्यायाम सगळ्यांनाच दिले होते, तीनपैकी दोन गटांना त्या टेंडनचे जोर लावून करायचे व्यायामही दिले. सुधारणा सगळ्यांत झाली, पण सर्वांत जास्त झाली ती ताण सहन करत स्नायू हळूहळू सैल सोडण्याचा व्यायाम करणाऱ्यांत. माणसं थोडी होती, तरी माझा रोजचा अनुभवही तसाच आहे. इनसोलने दुखणं आवरतं, म्हणून व्यायाम करता येतो. व्यायाम सोडून नुसता इनसोल घालणारे काही महिन्यांनी पुन्हा येतात. आणि पाय ताठर होऊन बसला असेल तर कधी कधी ऑपरेशनच लागतं. तो दिवस लांबवायचा तर सुरुवातीला दाखवायला या. म्हणजे डॉक्टरांचा धंदा बुडू नये म्हणून नव्हे, मेसेजवाल्याचा चालू नये म्हणून.

सातवा झटपट. मॉलमध्ये, प्रदर्शनात पायाखाली चटई ठेवून लाल-पिवळं-निळं चित्र काढून देतात. ते उभं असतानाच्या दाबाचं चित्र असतं. त्यावरून कुठे दुखतंय, का दुखतंय, पाय लवचीक आहे की ताठर, यातलं काही कळत नाही. मापाने बनवलेला इनसोल महाग म्हणून जास्त गुणकारी, असंही नाही. टाचदुखीच्या १३५ पेशंटवर लँडॉर्फ यांनी २००६ मध्ये मापाचा आणि तयार असे दोन्ही प्रकार तपासले, वर्षअखेरीस दोघांत फरक राहिला नाही. टाचदुखी आणि सपाट पाय एक नव्हेत, पण आधी साधा तयार, थोडा मऊ इनसोल वापरून बघायला काय हरकत आहे? विचित्र आकाराच्या किंवा जखमा होऊन गेलेल्या पायांना मापाचाच लागतो, तो तपासून सांगितलेला असावा.

ज्यांनी आधीच मागवलेत त्यांच्यासाठी. डायबेटिस असेल, किंवा पायाला मुंग्या-बधिरपणा असेल, तर तो इनसोल आजच बाहेर काढा आणि आधी पाय दाखवा. बाकीच्यांनी, दुखत नसेल तर घालायचं कारणच नाही. दुखत असेल तर पहिले काही दिवस तासभर, मग हळूहळू वाढवा. बुटातला मूळचा सुटा तळ काढून त्याच्या जागी घाला, वर ठेवलात तर टाच बाहेर येते. काढल्यावर तळव्यावर लाल वळ उठला आणि थोड्या वेळात गेला नाही, तर तो इनसोल तुमच्या पायाचा नाही. महिना-दीड महिन्यात दुखण्यात काहीच फरक नसेल तर बंद करा. आणि पैसे परत मागायचे असतील तर ९० दिवसांच्या गॅरंटीचा स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेवा. आत्याने फोन केला तेव्हा त्या माणसाने "तसं आम्ही कुठे लिहिलंय?" म्हणून विचारलं, आणि ग्रुपवरचा मेसेज तोवर ज्याने टाकला त्यानेच डिलीट केला होता.